पंधरा मैलांनंतर बंद पडणारी गाडी: बेलापूर ते जामखेड

जुनी गाडी घेऊन नगर-जामखेड रस्त्यानं जायचंय, वाटेत कुठं थांबावं, काय खावं, असं इथल्या दोघा-तिघा वाचकांनी गेल्या महिन्यात विचारलं. त्या रस्त्यानं मी पुढं अनेकदा गेले, पण लिहावी अशी फेरी एकच आहे. ती बहात्तरच्या दुष्काळातली. माझे वडील, अण्णा, आणि मी. वाटेतलं खाणंपिणं सांगेनच, पण मुख्य गोष्ट गाडीची आहे.

अण्णांचं भवानी पेठेत लहानसं गॅरेज होतं. पुण्यातल्या विलायती गाड्या बऱ्याचशा त्यांच्याकडेच यायच्या. गाडी दारात येऊन थांबेपर्यंत आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. मी लहानपणापासून त्यांना पाने देत, प्लग पुसत त्यांच्याभोवती वावरलेली. तेव्हा तेवीस वर्षांची होते, टायपिंगची परीक्षा देऊन नोकरी शोधत होते.

फाल्गुनात श्रीरामपूरजवळच्या बेलापूरहून वागळेसाहेबांचं पत्र आलं. साखर कारखान्यात इंजिनियर होते, निवृत्त होऊन कालव्याकाठी बंगल्यात राहत होते. त्यांच्याकडे दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स गाडी होती. आता ते कायमचे मुलीकडे बंगलोरला निघाले होते आणि गाडी जामखेडला असलेल्या भाच्याला द्यायची होती. पण दोन महिन्यांपासून ती पंधरा-वीस मैल गेली की बंद पडत होती. नगरच्या दोन गॅरेजांनी हात टेकले होते. 'तुम्ही एकदा येऊन तिचा आवाज ऐका,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'तुम्हांलाही जमलं नाही तर भंगारवाल्याला देतो. शरदच्या गळ्यात आजारी गाडी बांधणार नाही.'

अण्णा पत्र हातात घेऊन बराच वेळ बसले. जावं की नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आई म्हणाली, "जा. कुंदाला बरोबर न्या." मला का, ते तिनं सांगितलं नाही, आणि फिरायला मिळतंय म्हटल्यावर मीही विचारलं नाही.

सकाळच्या एसटीनं शिवाजीनगरहून निघालो. शिरूरला गाडी थांबली, तिथं कांदाभजी आणि चहा. शिरूर सोडून घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. त्या वर्षी सुप्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी, करडी जमीन होती आणि ठिकठिकाणी खडी फोडणारी माणसं. कंडक्टरनं अण्णांना विचारलं, "नगरला उतरनार का पुढं जायचंय?" अण्णा म्हणाले, "दोन." कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. बसचा खडखडाट फार आहे, असं मी मनाशी म्हटलं.

नगरला माळीवाड्यात बस बदलून श्रीरामपूर आणि तिथून टांग्यानं बेलापूर. सकाळपासून सुकं रान बघून आल्यावर कालव्याच्या पट्ट्यातला हिरवा ऊस डोळ्यांना खरा वाटत नव्हता. त्या वर्षी कालव्याला पाणी कमीच होतं, तरी होतं.

वागळेसाहेबांनी गाडी आंब्याखाली काढून ठेवली होती. गर्द हिरवी, तारांची चाकं, लांबलचक बॉनेट. घरातल्या माणसाला निरोप देताना नीटनेटकं करावं तशी तिला त्यांनी पुसून लखलखीत केली होती. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, हिला मी धुळीचा कण लागू देत नाही. टाकीच्या झाकणाला आतून रबर लावलंय, हवेच्या गाळणीला फडकं लावलंय. तरी ही अशी का वागते?"

जेवताना त्यांनी सगळी हकिगत सांगितली. गाडी मस्त पळते, मग आचके देते आणि बंद पडते. मेकॅनिकला बोलवावं, त्यानं काहीतरी बदलावं की पुन्हा सुरू. एकानं कॉइल बदलली, दुसऱ्यानं पॉइंट आणि कंडेन्सर. पंपाचा पडदाही नवा घातला. प्रत्येकाला वाटलं आपणच दुरुस्त केली. आणि प्रत्येक वेळी पंधरा मैलांनंतर पुन्हा तेच.

अण्णा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत ऐकत होते. वागळेसाहेबांनी एकदा तोंड वळवून स्वयंपाकीणबाईला ताक वाढायला सांगितलं आणि तसंच पुढं अण्णांना विचारलं, "उन्हाचा संबंध असेल का?" अण्णा जेवत राहिले. मी घाईनं म्हटलं, "उन्हाचा असेल का, विचारताहेत." अण्णा म्हणाले, "असेलही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन निघालो. ठरलं असं की जामखेडपर्यंत न्यायची, वाटेत दुखणं शोधायचं, सापडलं तर गाडी शरदरावांकडे सोडायची. नाही सापडलं तर नगरहून ट्रकवर घालून परत. निघताना वागळेसाहेब फाटकाशी उभे होते. हात हलवला नाही त्यांनी, नुसते उभे राहिले.

तुम्ही कधी उघड्या गाडीतून प्रवरेकाठच्या उसातून सकाळी गेला असाल तर मी काय म्हणते ते कळेल. माणूस जमिनीच्या इतक्या जवळ बसतो की उसाची पाती डोक्यावरून जातात. राहुरीला रसवंतीवर थांबलो, रस प्यालो आणि पेट्रोल भरलं. आजही तिथं रस चांगला मिळतो, बर्फ नको म्हणून आधीच सांगायचं.

राहुरीपासून विळद घाटापर्यंत गाडी छान आली. घाटाच्या मध्यावर तिनं दोन आचके दिले आणि गप्प झाली. अण्णांनी ती कडेला घेतली, बॉनेट उघडलं.

इथं थोडं यंत्राबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. या गाडीत पेट्रोल ओढायला विजेवर चालणारा पंप असतो. किल्ली फिरवली की इंजिन लागण्याआधीच तो टक टक टक असा आवाज करतो. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की थांबतो. गॅरेजमध्ये तो आवाज ऐकत मी मोठी झाले.

अण्णांनी किल्ली फिरवली, वाकले, नेहमीसारखी मान तिरकी केली. थोड्या वेळानं सरळ उभे राहून म्हणाले, "पंप चालतोय. आवाज स्वच्छ आहे."

आवाज नव्हता. घाटात वारा होता, खाली कुठंतरी बैलगाडीची चाकं करकरत होती, पण पंप गप्प होता. मला तो एकदाही टकटकलेला ऐकू आला नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाला पुण्यातले मोठमोठे लोक गाडीचा आवाज ऐकायला बोलावत, त्याला 'आवाज येत नाहीये' असं मी कसं सांगणार? माझंच चुकत असेल, असं स्वतःला समजावलं.

त्यांनी किल्ली बंद केली, मागं जाऊन टाकीचं झाकण उघडलं आणि काडी घालून पेट्रोल बघितलं. झाकण उघडताना सूं असा बारीक आवाज झाला. उन्हानं तापलंय म्हणून असेल, असं मला वाटलं. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावून ते पुढं आले आणि दोन्ही कार्बोरेटर खोलून साफ केले. अर्धा-पाऊण तास गेला. मग किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

"कचरा होता," अण्णा म्हणाले. फार दिवसांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं. त्या हसण्यापुढं माझी शंका मी गिळून टाकली.

नगरला माळीवाड्यात मिसळ खाल्ली आणि जामखेड रस्त्याला लागलो. वाचकांसाठी: नगर सोडताना पाणी भरून घ्या, पुढं सावली कमी आहे. तेव्हा तर काहीच नव्हतं. रस्ता अरुंद, मधोमध तेवढा डांबराचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना मुरुमाची साइडपट्टी. झाडांची पानं जनावरांना घालण्यासाठी ओरबाडून नेलेली. गाडीच्या मागं धुळीचा लोट.

मागून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. पुन्हा आला. मग सलग वाजत राहिला. अण्णा डांबरावरूनच, तशाच संथपणे गाडी चालवत होते. मी वळून पाहिलं तर ट्रकचं नाक आमच्या पाठीशी. मी त्यांच्या दंडाला हात लावला, त्यांनी आरशात पाहिलं आणि स्टिअरिंग झटक्यात डावीकडे ओढलं. ट्रक घासून गेल्यासारखा गेला. आम्ही साइडपट्टीवर घसरत थांबलो. क्लीनर मागं वाकून काहीतरी ओरडला, ते मला ऐकू आलं.

"अण्णा, हॉर्न ऐकू आला नाही?"

"कुठला हॉर्न?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. तीन-चार मैल गेलो. चिचोंडी पाटील गावाच्या अलीकडे गाडीनं आचके दिले आणि बंद पडली.

तिथं दुष्काळी काम चाललं होतं. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि बायका हातोड्यांनी दगड फोडत बसलेल्या. आमच्या गाडीभोवती पाच-सहा जणी जमल्या. एक म्हातारी, तिला सगळ्या भागाबाई म्हणत होत्या, पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लई देखनी हाय गाडी. पन चालत न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "चालते, मधेच थांबते."

"आमच्यावानीच हाय मंग," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

अण्णा बॉनेटपाशी उभे होते. उघडलं नव्हतं. दोन्ही हात नुसते त्यावर ठेवलेले. मी जवळ गेले तेव्हा मान वर न करता म्हणाले, "किल्ली फिरव. आणि काय ऐकू येतं ते मला सांग."

मी किल्ली फिरवली. "काहीच नाही, अण्णा."

"पंप?"

"नाही." मग मला राहवलं नाही. "घाटातही नव्हता."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणालात आवाज स्वच्छ आहे."

ते रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडावर बसले. मी शेजारी खाली बसले. ते म्हणाले, "दोन वर्षं झाली. डावा कान आधी गेला, मग उजवा. माणूस समोर असला तर ओठांवरून कळतं. इंजिनाला ओठ नाहीत." मग म्हणाले, "घाटात मला वाटलं, ऐकू आला. आवाज पाठ आहे ना, मनातूनच येतो."

मला रडू आलं. ते म्हणाले, "रडायला नंतर वेळ आहे. पंप गप्प आहे म्हणतेस ना? मग वाट्या भरलेल्या असतील, नाही तर पंप अडलाय. बघू."

त्यांचा चेहरा बदलला होता. दोन वर्षं काहीतरी सावरत काम करणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे ठेवून कामाला लागला. एक प्लग काढून मला दाखवला, टोक पांढुरकं पडलेलं. "पेट्रोल कमी पडतंय. ठिणगीचा दोष नाही." पंपाकडून येणारी नळी कार्बोरेटरपासून सोडवली आणि तिचं तोंड चहाच्या रिकाम्या डब्यात धरायला सांगितलं. किल्ली चालूच ठेवली. नळीतून एक थेंब येईना. पंपावर तळवा ठेवून म्हणाले, "जिवंत आहे, पण ओढता येत नाहीये. मागं कुठंतरी अडलंय. टाकीत गाळ आहे का बघतो." आणि काडी घेऊन मागं गेले.

मी पुढं डबा धरून बसले होते. मागं झाकण फिरल्याचा खरखर आवाज आला. मग तोच सूं, घाटात ऐकलेला. आणि त्याच क्षणी पंप टकटकायला लागला. टक टक टक टक, भराभर, आणि नळीतून पेट्रोलची धार डब्यात पडली.

"अण्णा," मी हाक मारली. ते पाठमोरे टाकीत काडी घालत होते. पुन्हा मारली. ते तसेच. डबा सोडून मला उठता येईना, पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडलं असतं. भागाबाई त्यांच्याजवळच उभी होती. तिनं त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि माझ्याकडे बोट केलं. "ओ बाबा, पोरगी हाका मारतीया."

ते आले. मी त्यांच्यासमोर तोंड धरून एकेक शब्द सांगितला. झाकण उघडलंत, सूं झालं, आणि पंप लागला. घाटातही सूं झालं होतं.

"हवा आत गेली की बाहेर आली?"

"आत. ओढल्यासारखी."

त्यांनी किल्ली बंद केली, झाकण उचलून तोंडाला लावलं आणि त्याच्या छोट्या भोकातून फुंकून पाहिलं. गाल फुगले, हवा जाईना. झाकण उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबचं रबर, गोल, कात्रीनं इतकं सुबक कापलेलं की कारखान्यातून आल्यासारखं. त्यानं झाकणाचं हवेचं भोक पूर्ण झाकलं होतं. पेट्रोल जाईल तसं टाकीत हवा यायला हवी. ती येत नव्हती. आत पोकळी व्हायची, पंपाला पेट्रोल ओढता येईनासं व्हायचं, गाडी बंद. आणि बंद पडली की प्रत्येक मेकॅनिक आधी काय करणार? पेट्रोल आहे का ते बघायला झाकण उघडणार. तिथंच गाडी दुरुस्त व्हायची, आणि श्रेय मिळायचं त्यानं पुढं जे काही बदललं असेल त्याला. अण्णांचंही घाटात तेच झालं होतं.

"साहेबांनीच लावलं हे," अण्णा म्हणाले. "धूळ जाऊ नये म्हणून." रबरावर बोट ठेवून म्हणाले, "पूर्वीचा असतो तर घाटातच ऐकलं असतं."

त्यांनी चाकूच्या टोकानं रबराला भोक पाडलं, झाकणातून पुन्हा फुंकलं, नळी जोडली. बायकांची जेवणाची सुट्टी झाली होती. भागाबाईनं आम्हांला बसवून घेतलं. मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची लाल भाकरी, त्या वर्षी रेशनवर तीच ज्वारी मिळायची, आणि लाल मिरचीचा ठेचा. आमच्याजवळ नगरहून घेतलेले पेढे होते, ते तिनं सगळ्या जणींत अर्धा अर्धा वाटले. पाणी मात्र तिनं अर्धाच तांब्या दिला. "पानी टँकरचं हाय, अजून दिस काढायचाय," ती म्हणाली. मग अण्णांकडे बघत मला विचारलं, "बाबांना ऐकू येत न्हाई?"

दोन वर्षांत हे कुणी उघड विचारलं नव्हतं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी ओठ वाचले होते. "नाही येत," ते म्हणाले.

"आमच्या मालकालाबी न्हाई येत. म्या हातवाऱ्यानं सांगती. भांडान बी हातवाऱ्यानंच हुतं." असं म्हणून ती भाकरीचा तुकडा मोडून खाऊ लागली. अण्णा खूप हसले.

तिथून जामखेड चाळीस मैलांच्या आत असेल. आम्ही ठरवलं, मागं हॉर्न वाजला की मी त्यांच्या गुडघ्यावर एकदा थाप द्यायची, बैलगाडी किंवा माणूस हाक मारत असेल तर दोनदा. कडा गेलं, आष्टी गेली. हा मधला पट्टा बीड जिल्ह्याचा, मग पुन्हा आपला नगर. पंधरा मैल झाले. वीस झाले. अण्णा मैलाचे दगड मोजत होते आणि मला विचारत होते, "आता कशी वाजते?" मी सांगत होते. एकसारखी. चढाला जरा जड. उतारावर मागं फट फट. पहिल्यांदा मला शब्द सापडत नव्हते. मग सापडत गेले. गाडी थेट जामखेडच्या पेठेत जाऊन थांबली, म्हणजे आम्ही थांबवली तेव्हा.

शरदराव बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, दिवसभर दुष्काळी कामांवर फिरून तोंड रापलेलं. लहानपणी मामांच्या मांडीवर बसून त्यांनी याच गाडीचं स्टिअरिंग धरलं होतं. ते गाडीभोवती दोन वेळा फिरले. दोष कळल्यावर थोडे अवघडले. "मामांना हे कळवायलाच हवं का? त्यांना फार लागेल. त्यांनीच..."

अण्णा म्हणाले, "कळवा. दोन गॅरेजवाल्यांना त्यांनी नावं ठेवलीत. आणि हेही लिहा की मिस्त्रीला ऐकू येत नाही, दोष मुलीनं ऐकला. साहेब मला ऐकायला बोलावत होते. त्यांना माहीत हवं."

मी तिथंच उभी होते. शरदरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पुढं वागळेसाहेबांचं बंगलोरहून पत्र आलं, त्यात रबराबद्दल एकच ओळ होती. बाकी सगळं पत्र अण्णांच्या कानांबद्दल, तिथल्या कुठल्याशा डॉक्टरांबद्दल.

रात्री शरदरावांकडे मुक्काम, सकाळच्या एसटीनं परत. जामखेडला जाणाऱ्यांनी वेळ काढून खर्ड्याचा किल्ला बघावा, असं मी सगळ्यांना सांगते. आम्ही बघितला नाही. अण्णांना घरी जायची घाई होती.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्याशी होती. तिनं आधी अण्णांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कळलं?"

मी म्हटलं, "कळलं."

तेव्हा मला उमगलं की दोन वर्षं ती रोज दुपारी गॅरेजच्या दारात सूप घेऊन का बसायची. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ती तांदूळ निवडत निवडत, जणू स्वतःशीच, अण्णांकडे तोंड करून पुन्हा म्हणायची. आम्ही भावंडं तिला त्यावरून हसायचो.

त्यानंतर अकरा वर्षं मी अण्णांबरोबर गॅरेजमध्ये काम केलं. टायपिंगची नोकरी लागली नाही, म्हणजे मी नंतर अर्जच केला नाही. गाडी आली की ते हात ठेवायचे, मी ऐकायची. गिऱ्हाइकांना आधी विचित्र वाटायचं, मग सवय झाली. त्या फेरीतलं काय उरलं, असं कुणी विचारलं तर रस्ता, ऊस, मिलोची भाकरी, हे सगळं आहेच. पण विळद घाटातला तो अर्धा तासही आहे. मला माहीत असून मी गप्प बसले, आदर म्हणून, आणि त्यांना एकट्याला ते कार्बोरेटर साफ करू दिले. अजून त्या घाटातून जाताना मला त्याचीच लाज वाटते.

आईला कसलीच लाज वाटत नव्हती. त्या संध्याकाळी तिनं सूप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "उद्यापासून दारात तू बस. दोन वर्षांत मला एकदाही दुपारचं आडवं पडता आलेलं नाही."